बंद शेपटीचे मासे

सुलभाकाकूला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा ठेवायला नको. काकू आता ऐंशीच्या घरात आहे, पुण्यात लेकीकडे असते, डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणतात. माझी मुलगी हे सगळं ऐकून म्हणते, "आई, लेट इट गो ना. इट्स बीन सो मेनी इयर्स." बरेचसे राग आपोआप विरून जातात. हा मी विरू दिला नाही. त्या काळी आम्ही काकूला अहो-जाहो करायचो. लिहिताना मी ते सोडून दिलं आहे, एवढाच काय तो बदल.

आम्ही शारजात रोला भागात राहायचो, चौथ्या मजल्यावर, काकांच्या फ्लॅटमध्ये. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. ते हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत सुपरवायझर होते आणि त्यांनीच बाबांना गुहागरहून बोलावून घेऊन तिथे फिटर म्हणून लावलं होतं. वर्षभराने मागून आई आणि मी आलो. दोन खोल्यांपैकी आतली आमची. खिडकीतला एसी इतका जुना होता की तो सुरू झाला की चढणीला लागलेल्या ट्रकसारखा घरघरायचा आणि पलंगाखालची आमची ट्रंक थरथरायची. फ्रिजमधला सगळ्यात खालचा कप्पा आमचा. पहाटेच्या अजानबरोबर आईचा स्टोव्ह पेटायचा, कारण काकांचा आणि बाबांचा डबा साडेपाचच्या कंपनीच्या बसला जायचा. काकू उठायची त्यानंतर तीन तासांनी, आणि उठल्यावर चहा पिता पिता डब्यात काय दिलं ते विचारायची. शुक्रवार सुट्टीचा दिवस. काका मासळीबाजारातून सुरमई आणायचे. कालवण आईच करायची, गावाहून आणलेली आमसुलं घालून, आणि सगळं घर त्या वासाने आपल्या गावाकडचं होऊन जायचं. पण वाढायची काकू. मधले जाड तुकडे काकांना आणि पिंकीला, म्हणजे माझ्या चुलत बहिणीला, आणि डोकं आमच्याकडे. "डोक्यातच खरी चव असते," आई मला म्हणायची. चव असते हे खरं आहे. मी आजही आवडीने खाते. पण ते डोकं आम्ही कधी मागून घेतलेलं नव्हतं.

त्या घरात कुठलीही गोष्ट नुसती नसायची, ती काकांनी केलेली असायची. बाबांचा व्हिसा काकांनी केला, माझं शाळेतलं नाव काकांनी घातलं, बाबांचं कंत्राट दर दोन वर्षांनी वाढवायचं की नाही याच्या कागदावर सही काकांची. ते कुणी बोलून दाखवत नसे. काकू फक्त अधूनमधून, भाजी निवडता निवडता म्हणायची, "ह्यांनी शब्द टाकला म्हणून, नाहीतर आजकाल कोण कुणाचं करतं." मग आई अजून थोडी भाजी निवडायला घ्यायची.

इमारतीच्या तळमजल्यावर काकूचं शिवणाचं दुकान होतं. पडदे, शाळांचे युनिफॉर्म, सोफ्याची कव्हरं. पुढे काचेचा दरवाजा, आत दोन मशिनं, एक कटिंगचं टेबल आणि मोठ्या वाफेच्या इस्त्रीचं टेबल. लखनौकडचे यासीन मास्टर नावाचे एक वयस्क शिंपी कामाला होते. आणि दुसऱ्या मशीनवर आई. आई सातवी शिकलेली, पण तिच्या हातात जी कला होती ती यासीन मास्टरनाही नव्हती आणि ते तसं म्हणायचेही, "बहनजी का हाथ तो मशीन से सीधा चलता है." काकूला शिवता येत नव्हतं. तिला गिऱ्हाइकाशी बोलता यायचं. "मॅडम, हे सगळं डिझाइन माझं," असं ती इंग्रजीत सांगायची आणि मागे आई मान खाली घालून बॉबिन भरत असायची. मी दुपारी शाळेतून आले की दुकानात जायचे, टेबलाखाली बसून अभ्यास करायचे आणि आईच्या वहीत मापं लिहून द्यायचे, कारण आईला इंग्रजी आकडे कळत पण शब्द कळत नसत.

मी नववीत होते त्या वर्षी मोरिता मॅडम दुकानात आल्या. जपानी बाई, तिशीच्या, बारीक अंगाच्या, नवरा कुठल्याशा प्लँटमध्ये इंजिनियर, सोबत चार वर्षांचा मुलगा, केन्ता. पडद्यांसाठी आल्या होत्या. पडदे घेऊन गेल्या आणि आठ दिवसांनी परत आल्या त्या एक लांबडी पुठ्ठ्याची पेटी घेऊन. काकू तेव्हा दारात उभी राहून फोनवर बोलत होती. मॅडमनी पेटी थेट आईच्या मशीनवर ठेवली. पडद्यांची दुमड कुणी घातली आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पेटीत एक कापडी मासा होता. माझ्याहून लांब, काळा, खवल्यांची एकेक कड हाताने रंगवलेली, आणि डोळा केवढा, दुधाच्या बशीएवढा. त्यांच्या नवऱ्याच्या लहानपणचा. त्याच्या आजोबांनी नातू झाल्यावर आणलेला. मॅडमनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं ते मी आईला मराठीत सांगत गेले. त्यांच्याकडे मे महिन्यात मुलांचा सण असतो. तेव्हा घराबाहेर उंच काठीवर असे मासे लावतात. काळा बापाचा, लाल आईचा, निळा मुलाचा. मुलं या माशासारखी धीट व्हावीत, उलट्या प्रवाहात पोहावीत म्हणून. इथल्या आठ जपानी कुटुंबांना मिळून समुद्रकाठी सण करायचा होता, प्रत्येक घराचे तीन, म्हणजे चोवीस मासे हवे होते. आई ते कापड बोटांनी चाचपत होती. मग तिने मला विचारलं, "हा उडतो कसा, विचार."

मॅडम हसल्या. त्यांनी माशाच्या तोंडातून आपला हात आत घातला, खांद्यापर्यंत, आणि केन्ताने शेपटीकडून हात घातला. आत कुठेतरी दोघांचे हात भेटले असावेत, कारण पोरगं खदखदून हसलं. "विंड कम," मॅडम म्हणाल्या, तोंडाकडे बोट दाखवून, आणि मग शेपटीकडे, "विंड गो. सो, फिश स्विम." मासा आरपार होता. तोंडात बांबूची कडी आणि मागे शेपटी उघडी. वारा आत शिरून मागून निघून जातो, म्हणून तो पोहल्यासारखा दिसतो. आई एकदम खूश झाली. तिने स्वतःही हात घालून बघितला. ते कुठे लिहून ठेवायची गरजच वाटली नाही. वहीत मी फक्त मापं लिहिली.

पुढचे तीन आठवडे मी आईला जितकं आनंदात पाहिलं तितकं त्या घरात आधी कधी पाहिलं नव्हतं. पातळ पॅराशूटचं कापड आणलं, कापडावर चालणारे रंग आणले. खवल्यांसाठी तिने घरातली भांडी खाली आणली. बापाच्या माशाला बशी, आईच्या माशाला वाटी, मुलाच्या माशाला फुलपात्राची कड. ती टेकवून अर्धगोल काढत जायची. डोळे मात्र हाताने, श्वास रोखून. मोरिता मॅडम मधूनमधून डोकावायच्या आणि रंग पक्का करायला आई वर ओला कपडा ठेवून इस्त्री फिरवायची ते बघत उभ्या राहायच्या. रात्री जेवताना तिच्या नखांत निळा रंग असायचा आणि ती बाबांना सांगायची, "अहो, त्यांच्यात बाईचा मासा पण वर लावतात हो, बापाच्या खालोखाल." बाबा म्हणायचे, "बरं." चोवीसच्या चोवीस मासे रंगवून झाले, सपाट, शिवायचे राहिलेले, दुकानाच्या दोरीवर एकाखाली एक. यासीन मास्टर तंबाखूची पुडी हातात धरून नुसते बघत उभे राहिले होते.

तो दिवस गुरुवार होता. मोरिता मॅडम आपला जुना मासा परत न्यायला येणार होत्या. काकूला वाटलं, इस्त्री करून द्यावा, बाईवर छाप पडेल. आई म्हणाली, "वहिनी, तो नको, जुनं कापड आहे. करायचीच तर मी वरून ओला कपडा ठेवून करते." काकू म्हणाली, "तू आता मला शिकवू नकोस." तिने मासा इस्त्रीच्या टेबलावर पसरला, इस्त्री ठेवली आणि फोन वाजला. तिच्या बहिणीचा फोन होता, मुंबईहून. काकू बोलत राहिली. वास आला तेव्हा मी टेबलाखालून बाहेर आले. माशाच्या पोटावर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग होता आणि मधे कापड जाळीसारखं झालं होतं. काकूने फोन ठेवला. आम्ही चौघंही त्या डागाकडे बघत होतो, काकू, आई, मास्टर आणि मी. आणि तेवढ्यात काचेच्या दारातून मोरिता मॅडम आत आल्या.

काकूने क्षणाचाही वेळ घेतला नाही. मला त्याचंच आजही आश्चर्य वाटतं. जराशी चाचरली असती तर कदाचित माझा राग इतका टिकला नसता. "मॅडम, व्हेरी सॉरी," ती म्हणाली. "माय सिस्टर-इन-लॉ. व्हिलेज लेडी. शी डोंट नो आयर्न. आय टेल हर नो, नो, बट शी डोंट लिसन." मग आईकडे वळून मराठीत, अगदी नेहमीच्या आवाजात, "शालिनी, सॉरी म्हण त्यांना."

आईच्या दातांत दोरा होता. तिने तो काढला. मी तोंड उघडलं होतं. आईने माझं मनगट असं धरलं की तिची नखं रुतली. यासीन मास्टरनी मशीनकडे तोंड फिरवलं. मोरिता मॅडम माशाच्या त्या डागावर तळहात ठेवून उभ्या होत्या, जसा आपण ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतो. आई पुढे झाली आणि म्हणाली, "सॉरी, मॅडम." तेवढं इंग्रजी तिला येत होतं. मग काय करावं न सुचून, जपानी लोकांना करताना पाहिलं होतं तशी ती वाकली. पार कमरेपर्यंत वाकली. काकू पदर नीट करत होती.

संध्याकाळी जेवताना काका म्हणाले, "उद्यापासून शालिनीने दुकानात नको यायला. कस्टमरसमोर लाज गेली." खरं काय ते आईने बाबांना खोलीत आधीच सांगितलेलं होतं. मी ते ऐकलं होतं. बाबा ताटातली खुबूस रोटी मोडत म्हणाले, "चुकलं तिचं, दादा." आई पाणी आणायला उठली. मी बाबांकडे बघत राहिले. माझ्याकडे ते बघेनात. त्यांचं कंत्राट वाढवायचा महिना जवळ आला होता, हे मला आता कळतं. तेव्हाही थोडंफार कळत होतं. कळून राग कमी होतो असं नाही.

त्यानंतर मी रोज काकूचं काहीतरी वाईट व्हावं म्हणून वाट बघत होते. जिन्यावरून पडावी, मशीनच्या सुईत बोट जावं. त्या वयाच्या मुलीला सुचतं तेवढंच. देवाला सांगायचीही लाज वाटत नव्हती. पण तसं काही होत नव्हतं. काकू मजेत होती. उरलेलं शिवण यासीन मास्टर करणार होते आणि मोरिता मॅडमना तिने सांगून टाकलं होतं की मुळात सगळं डिझाइन तिचंच होतं, तेव्हा काळजी नको.

मग एके दुपारी ती आमच्या खोलीत आली. एरवी ती आमच्या खोलीत कधी येत नसे, हाक मारायची. आई तेव्हा खाली वाण्याकडे गेली होती. काकूच्या हातात लाल मासा होता, लांबीला शिवलेला, दोन्ही टोकं उघडी.

"मनीषा, ती बाई दाखवत होती तेव्हा तू होतीस ना गं?"

"हो."

"मग हे मागचं टोक उघडंच ठेवायचं की शिवायचं? त्या जुन्याचं मुळातच उघडं होतं की उसवलेलं, कोण जाणे. मास्टर मघापासून डोकं खातोय माझं."

मी पुस्तक मिटलं. ती मोरिता मॅडमना विचारू शकत नव्हती, कारण डिझाइन तिचं होतं. आईला विचारण्यात कमीपणा होता. राहिले मी. हे सगळं मला एका झटक्यात दिसलं.

"शिवायचं," मी म्हणाले.

"नक्की ना?"

"उघडं ठेवलं तर वारा निघून जाईल ना, काकू. मग मासा फुगणार कसा?"

काकूने माशाकडे बघितलं. तिला पटलं. "तेच म्हटलं मी," ती म्हणाली.

ती दारापर्यंत गेली तेव्हा मी म्हणाले, "डबल शिलाई मारायला सांगा. समुद्रावर वारा फार असतो." खालून थोड्या वेळाने, जिन्याच्या पोकळीतून, यासीन मास्टरचा आवाज आला, "मॅडम, पूँछ बंद? पक्का?" आणि काकूचा, "हाँ, बंद. मेरे को सब मालूम है." मी पुन्हा पुस्तक उघडलं आणि भूगोलाचा एक अख्खा धडा पाठ केला. तो परीक्षेत आलाही.

सणाच्या दिवशी काकूने मला सोबत नेलं, पिशव्या उचलायला आणि इंग्रजी बोलायला. पिंकीला विचारलं होतं, पण ती म्हणाली, "मॉम, इट्स सो हॉट, आय ॲम नॉट कमिंग." ऊन उतरायला लागलं होतं. किनाऱ्यालगतच्या एका मोकळ्या मैदानावर आठ उंच ॲल्युमिनियमचे खांब उभे केले होते. जपानी मुलांनी डोक्यावर वर्तमानपत्राच्या घड्या घालून केलेली शिरस्त्राणं घातली होती, आणि ती अरबी वर्तमानपत्रं असल्यामुळे प्रत्येक पोराच्या कपाळावर अरबी अक्षरं. एका बाईने मला पानात गुंडाळलेला तांदळाचा गोळा दिला. मोदकाच्या उकडीसारखा, पण चिकट, आत लाल कडधान्याचं पुरण. काकू रेशमी साडी नेसून आली होती आणि सगळ्यांना आपलं कार्ड वाटत होती.

मासे वर चढवले. सुरुवातीला वारा बेताचाच होता. मासे फुगले, म्हणजे तोंडापासून शेपटीपर्यंत गच्च भरले आणि मग उशा टांगाव्यात तसे लोंबत राहिले. हलेनात. मुलं वर बघत होती. एकाने आईला काहीतरी विचारलं. बायकांच्या कुजबुजीतून मोरिता मॅडमचा चेहरा माझ्याकडे वळला, मग काकूकडे. काकू म्हणाली, "नाइस, नो, मॅडम?"

आणि मग समुद्रावरून शमाल सुटला. वायव्येकडून येणारा हा वारा तिकडे राहिलेल्यांना माहीत आहे. तो हळूहळू वाढत नाही, एकदम अंगावर येतो. माशांची पोटं टरारली. आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट नव्हती. मासे दोरीला हिसके द्यायला लागले, गोल गोल फिरून एकमेकांत अडकायला लागले. एक खांब वाकला. मग पहिला काळा मासा तोंडाच्या कडीपासून फाटला, चर्र असा आवाज खालपर्यंत आला, आणि तो गिरक्या घेत पार्किंगवरून पलीकडे गेला. मग एक लाल. मग एकदम तीन-चार. शेपटीची डबल शिलाई मात्र एकाचीही उसवली नाही. यासीन मास्टरचं काम चोख होतं. माणसं खांब धरायला धावली, कुणीतरी पोरांना गाड्यांकडे पिटाळत होतं, आणि मी त्या सगळ्याच्या मधे उभी राहून काकूकडे बघत होते. तिच्या तोंडाकडे. त्या अख्ख्या वर्षात मी इतकं पोटभर काही पाहिलं नव्हतं.

मोरिता मॅडम एक फाटलेला मासा घेऊन आल्या. त्यांनी शेपटीची शिवण बोटाने दाखवली. "व्हाय क्लोज?"

"मॅडम, टू मच विंड टुडे..." काकूने सुरू केलं.

"आय शो. ओपन. आय शो विथ हँड." मॅडमचा आवाज चढला नव्हता. "यू वेअर नॉट देअर. शी वॉज देअर. द लेडी." त्या थांबल्या, शब्द शोधत. "यू से, शी नो नथिंग."

आठही घरच्या बायका ऐकत होत्या. काकू माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "तूच सांगितलंस ना मला? सांग त्यांना."

मी इंग्रजीत उत्तर दिलं, म्हणजे सगळ्यांना कळावं. "काकू, हाऊ वुड आय नो? यू सेड इट वॉज युअर डिझाइन."

चोवीस माशांची मालकीण नववीतल्या पोरीला विचारून शिवते, हे ती कुठल्या भाषेत सांगणार होती? ती घामाने डबडबली होती, कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं आणि तिच्या हातात उरलेली कार्डं होती. हे दृश्य मला आजही हवं तेव्हा डोळ्यांसमोर आणता येतं, आणि खरं सांगायचं तर मी आणते.

एक गोष्ट मात्र तशी राहिली नाही. केन्ता माझ्याजवळ आला होता. त्याच्या हातात निळ्या माशाची नुसती बांबूची कडी होती आणि तिला लोंबणारी कापडाची एक पट्टी, तिच्यावर डोळा. आईने काढलेला. तो रडत नव्हता, मला ते दाखवत होता, जणू मी ते परत जोडून देईन. त्याच्या त्या हाताचं मला वाईट वाटतं. बाकी कशाचंही नाही.

घरी आल्यावर काकूने माझ्या थोबाडीत दिली, सगळ्यांदेखत. "हिने मुद्दाम केलं. शेपटी बंद करा म्हणून हिने सांगितलं मला." मी म्हणाले, "मी असं बोललेच नाही." काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा काही बोलायच्या आत आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. त्या घरात ती कधी कुणाच्या समोर अशी उभी राहिलेली नव्हती. "माझी मुलगी खोटं बोलत नाही, वहिनी," ती म्हणाली. "शिवणाचं लहान पोरीला कशाला विचारायला जाल तुम्ही? तुम्हाला तर सगळं येतं."

त्या महिन्यात बाबांचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. काकांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "वसंता, तू तुझं बघ आता." बाबांनी महिनाभर खेटे घातले तेव्हा ओळखीने मुसफ्फात एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. पण ते अबुधाबीला, आणि राहणं कंपनीच्या कॅम्पात, एका खोलीत सहा जण. आईने आणि मी अजमानला एक लहानशी खोली घेतली. बाबा गुरुवारी संध्याकाळी यायचे, शुक्रवारी चार वाजता जायचे. अशी सहा वर्षं गेली. माझी दहावी, बारावी, त्यांनी शुक्रवारी-शुक्रवारी ऐकली. 'चुकलं तिचं, दादा' या तीन शब्दांची एवढी शिक्षा बाबांना व्हावी असं मी कधी ठरवलेलं नव्हतं. पण ती झाली, आणि ती माझ्या हातून झाली, हे मी इथे लिहून ठेवते.

अजमानला गेल्यावर आईने एक निळा मासा शिवला आणि आम्ही दोघी तो मोरिता मॅडमच्या घरी घेऊन गेलो. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, केन्ताने मासा घेतला आणि तो गच्चीकडे पळाला. मग मॅडमनी मला विचारलं, "दॅट डे, व्हाय युअर मदर से सॉरी? आय नो, नॉट हर. शी ऑलवेज पुट क्लॉथ."

म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. मी आईला सांगितलं. आई कपाकडे बघत म्हणाली, "सांग त्यांना, व्हिसाचा प्रश्न होता." मी सांगितलं. मॅडमनी आईच्या कपात पुन्हा चहा ओतला. त्यांना माहीत होतं आणि तरी त्या दुकानात काही बोलल्या नव्हत्या, कमरेतून वाकलेल्या माझ्या आईसमोर उभ्या राहून. तिथे बसल्या बसल्या मला वाटलं, बरं झालं, यांचेही मासे फाटले. चांगल्या बाई होत्या. पण वाटलं ते वाटलं.

आईला मी खरं सांगितलं ते बाबा पहिल्यांदा मुसफ्फाला परत गेले त्या शुक्रवारी. आम्ही त्यांना बसपर्यंत सोडून चालत येत होतो. त्यांच्या पिशवीत आईने चटणी आणि आठ दिवस टिकतील असे लाडू दिले होते. मी रस्त्याच्या कडेला थांबून म्हणाले, "आई, मी सांगितलं होतं काकूला. शेपटी शिवा म्हणून. मी खोटं बोलले."

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

"तू तर म्हणालीस, माझी मुलगी खोटं बोलत नाही."

"मग तिथे काय म्हणायला हवं होतं मी?"

मी रडायला लागले. बाबा माझ्यामुळे गेले, तुझे एवढे रंगवलेले मासे माझ्यामुळे फाटले, असं काहीबाही बोलत होते. आईने मला रडू दिलं. समोरून एक पाण्याचा टँकर गेला, त्याची धूळ खाली बसेपर्यंत ती थांबली. मग तिने पदराने आधी स्वतःचं आणि मग माझं तोंड पुसलं.

"वहिनींनी मला विचारलं असतं ना," ती म्हणाली, "तर मीही हेच सांगितलं असतं. शिवा म्हणून. रोज वाट बघत होते मी, कधी विचारतात त्याची. पण त्यांनी मला विचारलंच नाही."